सामाईक भिंत

१

आमच्या नावावर वर्षातला एक आठवडा आहे. मे महिन्यातला तिसरा. तो एका थंड हवेच्या ठिकाणच्या रिसॉर्टमध्ये आहे आणि आणखी चौदा वर्षे आमचाच राहणार आहे. लग्नानंतर सहा महिन्यांनी, तेव्हाच्या औरंगाबादेतील एका हॉटेलात, फुकट जेवणाच्या मोबदल्यात दोन तास भाषण ऐकून आम्ही हा टाइमशेअर घेतला. अर्जात ‘कुटुंबातील व्यक्ती’ असा रकाना होता. माझा नवरा सौमित्र याने तिथे चार लिहिले. आपण दोघे आहोत, हे मी त्याच्या लक्षात आणून दिले. तो म्हणाला, “आता दोघं आहोत.” त्यामुळे आमच्या वाट्याला चौघांचे युनिट आले. त्यात एक मोठा पलंग आहे आणि भिंतीत दुमडून ठेवलेले दोन लहान पलंग आहेत. नऊ वर्षांत ते आम्ही एकदाही उघडले नाहीत.

मी बुलढाण्याच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. सौमित्र भूमी अभिलेख कार्यालयात भूमापक आहे; भांडणाऱ्या भावांच्या मध्ये उभा राहून तो हद्दी दाखवतो. सात वर्षे आम्ही अकोल्याच्या एका दवाखान्यात जात होतो. त्या वर्षांचे तपशील देण्याची गरज नाही. कॅलेंडरवर गोल केलेल्या तारखा आणि परतीच्या बसमधला अबोला एवढे सांगितले म्हणजे पुरे. गेल्या वर्षी जूनमध्ये मी थांबायचे ठरवले. शक्यता किती उरली आहे हे मला डॉक्टरांनी समजावण्याची आवश्यकता नव्हती. सौमित्र “बरं” म्हणाला. त्या शब्दात संमती किती आणि थकवा किती, हे मी विचारले नाही.

यंदा मेचा आठवडा आम्ही वापरला नाही. त्या ठिकाणी मेमध्ये मुलेच मुले असतात. तो आम्ही एक्स्चेंजमध्ये टाकला. पद्धत अशी असते की आपला आठवडा सामाईक साठ्यात जमा करायचा आणि दुसऱ्या कोणी जमा केलेला त्यातून उचलायचा. तो दुसरा कोण, हे कळत नाही. मी ‘फक्त जोडप्यांसाठी, मुलांना प्रवेश नाही’ या पर्यायावर खूण केली. आम्हाला दोघांनाच राहता येते का, हे मला पाहायचे होते. येत नसेल तर शांतपणे बोलून वेगळे व्हायचे, असे मी मनाशी ठरवले होते. सौमित्रला मी हे सांगितले नव्हते.

२

पसंतीची तीन ठिकाणे द्यायची होती. आम्ही समुद्रकिनारा, कॉफीचे मळे आणि कुठलेही मोठे तळे, अशी दिली. तिन्ही नाकारली गेली आणि दिवाळीच्या सुट्टीसाठी एकच जागा उपलब्ध असल्याचे कळवण्यात आले: जिल्हा बुलढाणा, तालुका संग्रामपूर, वरवट बकालच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी.

सौमित्र कितीतरी वेळ हसत होता. “जग हिंडाले निघालो, अन् पोचलो वरवट बकालले! रेणू, त्या भागाची अर्धी मोजणी मीच केली वं.”

“रद्द करते,” मी म्हटले.

“काऊन? राहू दे. वळखीचं कोणी भेटलं तं म्हणू, साहेबाच्या कामानं आलो.”

कितीतरी महिन्यांनी तो असा हसला होता. म्हणून मी रद्द केले नाही.

शनिवारी सकाळी आम्ही गाडीने निघालो. घाट उतरून मोताळा आले, तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. पुढे पूर्णेचा पूल ओलांडल्यावर विहिरींचे पाणी खारट लागते आणि चहाच्या टपऱ्यांवर पाण्याचे जार दिसू लागतात. दुपारी बाराच्या सुमारास संत्र्यांच्या बागांच्या टोकाशी रिसॉर्टचे फाटक लागले.

एक क्रमांक कचेरीचा होता; पुढे दोन ते नऊ अशी आठ युनिटे होती. एका छपराखाली दोन आणि मध्ये एक भिंत, अशी त्यांची चार जोडकी घरे. व्यवस्थापक माणिकराव हे साठीचे, पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ होते. “बुलढान्याचे म्हना की! मंग पाहुने काहीचे, घरचेच,” असे म्हणून त्यांनी युनिट सहाची किल्ली आणि सामानाची यादी माझ्या हातात ठेवली. यादीवर आल्यादिवशी सही करायची असते. लोक न मोजताच सही करतात. मी मोजले. दोन खुर्च्या, दोन ताटे, दोन पेले, दोन उशा. सगळे बरोबर निघाले. यादी बरोबर निघाली की मला समाधान वाटते. माझ्या स्वभावाचा हा भाग सौमित्रच्या थट्टेचा जुना विषय आहे.

तो तोवर सवयीने भिंतीवर बोटाचे पेर वाजवत होता.

“चार इंची आहे. सामाईक भिंत. कागदावर दोघांची, अन् भांडणात कोणाचीच नाही.”

पलीकडून कोणीतरी घसा खाकरला. आम्ही दोघेही ओशाळलो.

३

जेवून आम्ही आडवे झालो तेव्हा एक वाजला होता. पलीकडे एक बाई बोलत होती.

“आ कर. मोठा आ. हं.” मग ती थांबली. “असं नाही करायचं.” पुन्हा थांबली. “बरं, पण हा शेवटचा.”

काही वेळाने पुरुषाचा आवाज आला. “मी भरवतो, तू बस जरा.” मग त्याचेही तेच. “आ कर. हं. नाही, तिकडे नाही बघायचं. इकडे बघ. इकडे.”

दोघांच्या आवाजांत राग नव्हता. रागवायलाही काही शक्ती लागते. ती त्यांच्यापाशी उरलेली नसावी. मूल जेवत नसले की आईवडील कसे बोलतात हे मी नात्यातल्या घरांत अनेकदा ऐकले आहे. तिथे लाडीगोडी असते, धाक असतो, शेवटी एखादा धपाटाही असतो. इथे तसले काही नव्हते. दमून गेलेल्या माणसाने रोजचे कपडे धुवावेत तसे ते बोलत होते.

“हे नियमाविरुद्ध आहे,” मी म्हणाले. “फाटकावर पाटी आहे.”

सौमित्र छताकडे पाहत होता. “असू दे वं. लेकरू आहे.”

“आपण मुद्दाम इथे आलो.”

“मले माहीत आहे आपण कशाले आलो ते.” तो भिंतीकडे तोंड करून वळला. मला वाटले, त्याला झोप लागली. पण त्याचा श्वास झोपलेल्या माणसाचा नव्हता. पलीकडे प्रत्येक वेळी आवाज थांबला की तोही श्वास रोखत होता.

४

रविवारी मी वेळा टिपून ठेवल्या. बारा पन्नास ते एक पस्तीस जेवण. एक चाळीसला “आता झोपायचं.” चार दहाला हातपाय धुणे. सोमवारी हेच, पाच मिनिटांच्या फरकाने. दोन्ही दिवशी सौमित्रने बारा वाजताच जेवण आटोपले आणि पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला जाऊन पडला. मी आणलेल्या पुस्तकातले एक पान तीनदा वाचले. सोमवारी साडेचारला मी उठून कचेरीत गेले आणि शेजारच्या सात क्रमांकात मूल असल्याचे सांगितले.

“सातमंधी?” माणिकरावांनी चष्मा कपाळावर नेला. “सातमंधी तं दोघंच हायेत, मॅडम. रजिष्टरले दोनच नावं.”

“तेच माझे म्हणणे आहे. नोंद दोघांची केली आणि सोबत मूल आणले.”

“रडते काय?”

“नाही.”

“हासते? इकडून तिकडं पयते?”

“नाही.”

“मंग तुमी आयकलं काय?”

तीन दुपारी मी त्या भिंतीशेजारी काढल्या होत्या. मूल जेवत नव्हते, तोंड फिरवत होते, झोपायला नकार देत होते. हे सगळे मला ठाऊक होते. पण त्याचा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता. रडणे, खोकणे, जमिनीवर काही आपटणे, काहीच नाही. जिथे त्याचे उत्तर यायला हवे होते तिथे नुसती रिकामी जागा होती, आणि ती जागा मी स्वतःच भरून घेतली होती.

“तक्रार असंन तं लिहून द्या,” माणिकराव म्हणाले आणि त्यांनी नोंदवही पुढे सरकवली. “लेखी आली की मले नियमानं काहीतरी करता येते.”

‘युनिट सातमधून मुलाशी बोलल्याचे आवाज येतात,’ हे अचूक वाक्य झाले असते. तेच लिहायला हवे होते. परंतु ते हास्यास्पद दिसले असते, आणि इतका वेळ ठामपणे बोलून झाल्यावर एका रिसॉर्टच्या व्यवस्थापकापुढे हास्यास्पद ठरण्याची माझी तयारी नव्हती. मी लिहिले: ‘युनिट सातमध्ये एक लहान मूल आहे.’ खाली सही केली, हुद्दा लिहिला, तारीख घातली.

माणिकरावांनी ते ओठ हलवत दोनदा वाचले. मग त्यावर कचेरीचा शिक्का मारला.

“तक्रारी तं दरसाल येतात,” ते म्हणाले. “आवाज येते म्हनून. पन ‘आहे’ म्हनून आजवर कोनी लिहून देलं नवतं.”

५

मंगळवारी सकाळी खोली झाडायला चांगुणा आली. ती वरवट बकालची, पन्नाशीची, बोलकी बाई होती.

“किती लेकरं तुम्हाले?” तिने कोपरा झाडता झाडता विचारले.

“नाहीत.”

“देव देईन.”

“देवाला मी नको म्हणून कळवले आहे.”

ती झाडू टेकवून खदखदून हसली. “लय शिकेल बाई दिसता तुमी! देवालेबी लेखी कळवता काय?”

मला ती आवडली. म्हणून मी सरळ विचारले, “चांगुणाबाई, शेजारी सातमध्ये तुम्ही जाता ना? तिथे मूल आहे का?”

तिचे हसू लगेच गेले नाही. चेहऱ्यावर ते जागच्या जागी राहिले आणि मागून नजर तेवढी बदलली.

“मी दरोज्यातूनच भांडे घेतो. झाडू-पोचा ते बाई सोताच करते.”

“पण कधी दिसले असेल.”

“मी काऊन पाहू? मले काय करा लागते?” तिने पुन्हा झाडायला सुरुवात केली. मग पाठमोरीच राहून म्हणाली, “गिलास तीन निंगतात. दोन उष्टे. एक भरेल. रोज भरेलच निंगते, अन् मी रोज वतून देतो.”

ती गेल्यावर मी या माहितीचा विचार केला. दोन माणसे आहेत. त्यांचे मूल गेले असावे, किंवा झालेच नसावे. ती दोघे ते असल्यासारखे वागतात. याला वैद्यकीय नाव आहे, आणि एकाच वेळी दोघांना असे होऊ शकते हेही मी कुठेतरी वाचले होते. या निष्कर्षाने मला हायसे वाटायला हवे होते. त्याऐवजी मला असे वाटले की मी दमले आहे, आणि हे दमणे या आठवड्यातले नाही.

सौमित्रला मी सगळे सांगितले. तिसरा पेला भरलेलाच परत येतो, हेही.

“मंग त्याले पाणी आवडत नसंन,” तो म्हणाला. तो थट्टा करत असावा. मी त्याच्याकडे पाहिले तेव्हा तो थट्टा करत नव्हता.

६

त्याच दिवशी, जेवणाच्या वेळेआधी, दारावर थाप पडली. दारात माझ्याच वयाची एक बाई उभी होती. सुती साडी, केस विंचरलेले, कपाळावर टिकली. सगळे नीटनेटके होते. चेहरा मात्र कितीतरी वर्षे उन्हात राहिलेल्या कापडासारखा होता. ती एका बाजूला कलून उभी होती. कडेवर मूल घेतलेली बाई जशी कमरेतून कलते तशी. कडेवर काही नव्हते.

“मी शारदा. सातमधली.” तिच्या मागे, व्हरांड्याच्या पायरीवर, तिचा नवरा पाठमोरा बसला होता. “तुम्ही तक्रार केलीत म्हणे.”

“त्रास द्यायचा हेतू नव्हता,” मी म्हणाले.

“नाही हो. बरं केलंत.” तिने आवाज खाली आणला. “आहे, असं लिहिलंत ना तुम्ही? खरंच तसं लिहिलंत?”

“हो.”

तिने डोळे मिटले. “आम्हाला वाटायचं, आम्हालाच वाटतंय.”

मग तिने हातातला कागद पुढे केला. तो रिसॉर्टचा छापील अर्ज होता. लेखी तक्रार झाल्यास शेजारच्या दोन युनिटांना परस्परसंमतीने अदलाबदल करता येते, असा नियम होता. चौघांच्या सह्या लागत होत्या. दोन झाल्या होत्या, आणि त्यांची शाई जुनी होती.

“हा अर्ज तुम्ही आधीच भरून ठेवला होता?” मी विचारले.

“तयार असलेला बरा.”

“तुम्ही इथे केव्हापासून आहात?”

“आठवड्यासाठीच आलो. मुलं नसतात तिथे जाऊ म्हणून. आमची म्हणजे...” वाक्य अर्धे सोडून ती बागेकडे पाहू लागली. “संत्र्याला फुलं होती तेव्हा.”

आता झाडांना पिवळी फळे होती. ती फुले कोणत्या वर्षीची, हे मी विचारले नाही.

पायरीवरून तिचा नवरा म्हणाला, “शारदा, एक वाजत आला.” ती तत्काळ वळली. कलती चाल तशीच ठेवून, उजवा हात कमरेशी आवळून, ती गेली. कागद माझ्याकडे राहिला.

७

संध्याकाळी मी चहा करून व्हरांड्यात आणला तेव्हा तो कागद टेबलावर होता आणि त्यावर तिसरी सही होती.

“हे काय आहे, सौमित्र?”

“त्यायले जरा आराम भेटन. दोन-तीन दिवसांचा तं प्रश्न आहे.”

“तिथे मूल नाही. तिथे दोन आजारी माणसे आहेत.”

“मंग भ्यायचं कशाले?” त्याने कप उचलला. “तू म्हणते तसं काहीच नसंन तं आपण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊ. चार इंचाच्या पलीकडं. मले सांग, तुले भेव कशाचं आहे?”

हा प्रश्न तर्कशुद्ध होता. असे प्रश्न विचारायचे त्याला मीच शिकवले आहे. माझ्याकडे फक्त नकार होता.

“मी सही करणार नाही.”

“हाव. नको करू.” त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, “सात वर्ष तू मोजत राह्यली. हे किती टक्के, ते किती टक्के. मी कधीच मोजलं नाही. मी अकोल्याहून येताना दर खेपेले बसमध्ये नावं ठरवत होतो.”

“मला कधी सांगितले नाहीस.”

“तू म्हणली असती, अजून काही सिद्ध झालं नाही.”

मी हे नक्की म्हणाले असते. तीन दिवस जे विचारायचे टाळले होते, ते मग विचारले. “आपण दोघे पुरे नाही का एकमेकांना?”

त्याने माझ्याकडे पाहिले. त्याच्या नजरेत कडवटपणा नव्हता. तो असता तर मला सोपे गेले असते.

“पुरतो ना वं. पण उरत काहीच नाही.”

पलीकडे बाई म्हणत होती, “पाय पुस आधी. हा. आता दुसरा.”

८

बुधवारी आणि गुरुवारी आम्ही कमी बोललो. गुरुवारी रात्री मी त्याला सांगितले की शनिवारची वाट न पाहता सकाळी निघायचे. तो “बरं” म्हणाला. या वेळीही मी त्या शब्दाची तपासणी केली नाही.

शुक्रवारी आवरायला उशीर झाला; बाराच्या सुमारास मी सामान गाडीत ठेवले. सौमित्र अंघोळीला गेला होता. मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून मी बागेच्या टोकापर्यंत चालत जाऊन माहेरी फोन लावला. आम्ही एक दिवस आधी येतो आहोत, हे माझ्या आईला कळवले. तिने कारण विचारले. मी कंटाळा आला म्हणून सांगितले. परत आले तेव्हा सव्वा वाजला होता.

सहाच्या व्हरांड्यात आमच्या दोन खुर्च्यांवर शारदा आणि तिचा नवरा झोपलेले होते. त्यांच्या माना मागे पडल्या होत्या, तोंडे उघडी होती, हात खुर्चीबाहेर लोंबत होते. इतकी गाढ झोपलेली माणसे मी रुग्णालयाबाहेर कधी पाहिलेली नाहीत. शारदा आता कललेली नव्हती. ती सरळ बसून झोपली होती. मी तिला हाक मारली, मग खांद्याला हात लावून हलवले. ती उठली नाही. झोपेत तिने माझा हात झटकला, लहान मूल अंगाशी येऊ लागले की दमलेली आई झटकते तसा.

तेवढ्यात सातमधून आवाज आला.

“आ कर. आ... हं! शाब्बास.” हा सौमित्र होता. मग तो थांबला, आणि हसला. “अरे बापरे, एवढं सारं? कोणं शिकवलं तुले?”

तो वरवट बकालचे नाव वाचून हसला होता त्याहून हे हसू वेगळे होते. नऊ वर्षांत मी ते ऐकले नव्हते. त्याच्यात असे हसू आहे, हेच मला माहीत नव्हते.

९

सातचे दार लोटलेले होते. आत खोली आमच्यासारखीच होती, फक्त उलटी. आमच्या डाव्या हाताला जे होते ते इथे उजव्या हाताला. खिडक्यांचे पडदे ओढलेले, दुपारचा पिवळा उजेड त्यांतून गाळून आत येत होता. टेबलावर भाताचे ताट होते. सौमित्र पलंगाच्या कडेला बसला होता. दोन्ही उशा पलंगाच्या दोन टोकांना सरकवलेल्या होत्या आणि मधली जागा मोकळी होती.

“हळू,” तो म्हणाला. “आत्ताच झोपलं.”

मी पलंगाकडे पाहिले. माझे निरीक्षण जसेच्या तसे देते. गादीवर मध्यभागी काही नव्हते. खड्डा नव्हता, सुरकुती नव्हती. ताटात भात होता तेवढाच होता, शितही सांडलेले नव्हते. खोलीला कसलाही विशेष वास नव्हता.

“इथे कोणी नाही, सौमित्र.”

“जोरानं नको बोलू.”

त्याने पायथ्याची पातळ चादर उचलली, झटकली आणि मधल्या मोकळ्या जागेवर पसरली. चादर खाली आली. गादीला मात्र टेकली नाही. मधोमध, हातभर लांबीच्या जागेत, ती चार बोटे वरच राहिली. मग थोडी खाली गेली. मग पुन्हा वर आली. मी पंख्याकडे पाहिले. पंखा बंद होता. नोव्हेंबरात आम्हीही तो लावला नव्हता.

“ऊठ,” मी म्हणाले. “गाडीत सामान ठेवले आहे. आत्ता निघायचे.”

“तू जाय.” त्याचा आवाज फार मऊ होता. “मले नाही येता येणार आता. कोणीतरी लागते ना इथं. ते दोघं झोपले.”

मी गाडीची किल्ली हातात धरून उभी राहिले. वेगळे व्हायचे असेल तर शांतपणे बोलून व्हावे, असे मी ठरवून आले होते. यापेक्षा शांत प्रसंग मिळाला नसता. दार माझ्या मागे उघडे होते. बाहेर फाटकापर्यंतचा रस्ता स्पष्ट दिसत होता. मोताळ्याला चहा घेऊन मी चारपर्यंत घरी पोचले असते. घरी दोन खुर्च्या, दोन ताटे, आणि त्यांतले एक रोज घासून पुन्हा जागेवर ठेवायचे.

सौमित्रने वर पाहिले. त्याचे डोळे भरले होते आणि तो खूप तरुण दिसत होता.

“रेणू. तू त्या बाजूनं बस. ते पडन नाही तं.”

मी पलंगाला वळसा घालून गेले आणि दुसऱ्या टोकाला बसले. बसताना मधली जागा मी सोडली. ती का सोडली, याचे समर्थन मी करू शकत नाही.

मग मी डावा हात चादरीखाली सरकवला. हेतू स्वच्छ होता. चादर वर राहण्याचे काहीतरी साधे कारण असणार, गादीची स्प्रिंग, चादरीला लावलेली खळ. ते हाताला लागले की सौमित्रला दाखवायचे आणि त्याला उठवून न्यायचे. हाताला स्प्रिंग लागली नाही; एका लहान मुठीने माझे बोट धरले.

दुपारनंतर माणिकराव सौमित्रने कचेरीत नेऊन दिलेला अदलाबदलीचा अर्ज घेऊन आले. ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि आत न पाहता त्यांनी कागद सौमित्रच्या हातून माझ्याकडे दिला. मी चौथी सही केली. तारीख घातली. शेजारून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग एका माणसाचे आणि एका बाईचे बोलणे व्हरांड्यातून पायरीवर, पायरीवरून फाटकाकडे गेले. कुठे जेवायचे, यावर ती दोघे वाद घालत होती.

हे सारे मी परीक्षेच्या कोऱ्या पुरवण्यांवर, मांडीवर कागद ठेवून, उजव्या हाताने लिहिले आहे. सौमित्र समोर बसूनच झोपला आहे. डावा हात अजून चादरीखाली आहे. तो मला काढून घेता येईल की नाही, हे मी तपासून पाहिलेले नाही.